हंस माथ्यावर येतो तेव्हा

४ मार्च १९६८, सोमवार. मिठबाव

पोचले एकदाची, आणि ट्रंकेतली एकही काच फुटलेली नाही. बोट सकाळी आठाला देवगडला लागली. लागली म्हणजे बंदराबाहेर उभी राहिली आणि तिथून आम्हांला होडीत उतरवलं. ट्रंकेवर 'काच, सांभाळून' असं लिहिलं होतं, त्यामुळे खलाशी माझ्यापेक्षा ट्रंकेलाच जपत होते.

धक्क्यावर दाजी परुळेकर न्यायला आले होते. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, बोलण्याआधी हसणारे. वीस वर्षं जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होते. आता आमच्या केंद्राचे तंत्रज्ञ, पहारेकरी आणि एकुलते एक कर्मचारी. संशोधन संस्थेच्या पत्रात माझं नाव 'वे. कारखानीस' एवढंच होतं, म्हणून ते पुरुषाची वाट बघत होते. मी वेणू कारखानीस म्हटल्यावर त्यांनी पत्र काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, बरं झालं, आता केंद्रावर चहा तरी चांगला मिळेल. मी सांगितलं, तोही तुम्हांलाच करावा लागणार आहे.

राहायची सोय सुभद्राकाकींकडे केली आहे. काकी विधवा आहेत. मुलगा मुंबईला गिरणीत. घरी त्या आणि सून यशोदा. यशोदा विशीची, पोटुशी, सहावा महिना. मला माडाखालची खोली दिली आहे, खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी मला बघून गेली. एक आजीबाई तर विचारून गेल्या, "मास्तरीणबाय, तुमी काय शिकवतलास?" मी शिकवायला आले नाही असं सांगितलं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

जेवायला सुरमई होती. मिरजेला बाबांना पत्र टाकायचं आहे. आज अगदी छान झोप लागेल.

७ मार्च, गुरुवार

तीन दिवस मांडामांडीत गेले. केंद्र गावाच्या वर सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. उतारावर काजूची झाडं, वर नुसता दगड आणि आभाळ. तिथे चिऱ्यांची एक खोली, वर कौलं, बाजूला दाजींचा जनरेटर आणि एरियलचा उंच खांब. घरापासून चढून जायला पाऊण तास लागतो.

काल रात्री काकींनी विचारलं की मी नक्की करते काय. चुलीपाशी बसून सांगितलं. एप्रिलच्या मध्याला हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडतील. त्याच्याखाली आमचं उपकरण टांगलेलं असेल. तो बावीस मैल वर चढेल आणि वाऱ्याबरोबर इकडे, समुद्राकडे सरकेल. शेवटचे काही तास त्याचे संदेश हैदराबादला पोचणार नाहीत, ते आम्ही इथे पकडायचे. फुगा बघणार आहे हंस नक्षत्राकडे. तिथून क्ष-किरण येतात, दवाखान्यात फोटो काढतात तेच. चार वर्षांपूर्वी एका परदेशी रॉकेटने ते पहिल्यांदा टिपले. तिथे काय आहे हे जगात कोणालाच ठाऊक नाही. दुर्बिणीतून त्या जागी विशेष काही दिसत नाही. आणि ते किरण जमिनीवर पोचतच नाहीत, वरच्या हवेतच संपतात. म्हणून तर फुगा.

क्ष-किरणांचं मला नवल नाही. बाबा मिरजेच्या दवाखान्यात एक्स-रे खात्यात होते. त्यांच्या अंधाऱ्या खोलीत मी वयाच्या दहाव्या वर्षी फिल्म धुवायला शिकले.

काकींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, एक्स-रेत माणसाची हाडं दिसतात, तर तुमच्या यंत्राला कोणाची हाडं दिसणार? यशोदा इतकी हसली की तिला ठसका लागला.

१२ मार्च, मंगळवार

फुग्यावर आहे तसाच एक जादा काउंटर आमच्या खोलीत टेबलावर आहे. किरण आत शिरला की तो टक् करतो, आणि शेजारचं पेन सरकत्या कागदावर रेघ काढतं. जमिनीवर तो मिनिटाला चाळीसेक वेळा टकटकतो. दगडामातीतून तेवढं येतंच. फुगा येईपर्यंत तो बिघडत नाही ना एवढंच मला बघायचं.

आज नऊ वाजून सतरा मिनिटांनी पेन एकदम वर गेलं. टकटक इतकी दाट झाली की कापड फाटल्यासारखा आवाज येऊ लागला. सहा मिनिटं, मग पुन्हा चाळीस. जनरेटरमुळे असेल. दाजींना तारा तपासायला सांगितलं.

१६ मार्च, शनिवार

जनरेटर नव्हे. परवापासून त्या वेळेला तो बंद ठेवते, काउंटर बॅटरीवर चालवते. तरीही पेन वर जातंच. पण नऊ सतराला नाही. बुधवारी नऊ तेराला. गुरुवारी नऊ नऊला. काल नऊ पाचला, आज नऊ एकला.

रोज चार मिनिटं अलीकडे.  सूर्य रोज त्याच वेळेला माथ्यावर येतो, पण तारे रोज चार मिनिटं आधी येतात. हे जे काही आहे ते ताऱ्यांच्या घड्याळावर चालतं. तक्ता काढून बघितला: आज नऊ एकला इथे माथ्यावर हंस असतो.

म्हणजे हंसातले किरण जमिनीपर्यंत पोचताहेत, या सड्यावर. अशक्य आहे, पण कागद समोर आहे. संस्थेत डॉ. रेग्यांना सहा पानी पत्र लिहिलं. त्यांनीच हट्ट धरून मला इथे पाठवलं होतं. बाई एकटी कशी राहील असं म्हणणाऱ्यांना त्यांनी गप्प केलं होतं. आज त्या विश्वासाचं चीज झाल्यासारखं वाटतंय.

दाजींना सांगितलं तर ते खूश झाले नाहीत. काढलेली विडी त्यांनी न पेटवताच परत खिशात ठेवली. मग म्हणाले, या दिवसांत या वेळेला त्यांची आई गुरं सड्यावर सोडायची नाही. आणि ती वेळही रोज थोडी अलीकडे यायची. म्हातारी उंबऱ्यावरच्या उन्हावरून ओळखायची. कशाची वेळ, असं मी विचारलं. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे दाजी हळूच म्हणाले, "वरच्याची. वरचो इलो काय घरात बसाचा, आवस सांगी." वरचा म्हणजे कोण, ते त्यांनाही माहीत नाही. आईने कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी कधी विचारलं नाही.

गावात शिमगा चालू आहे. ढोलाचे आवाज सड्यापर्यंत येतात.

२० मार्च, बुधवार

चाचणीसाठी एक्स-रे फिल्मची पेटी आणली होती, ती आज उघडली. काळ्या कागदात गुंडाळलेली एक फिल्म खोलीबाहेर उघड्या दगडावर ठेवली, वर ट्रंकेची किल्ली. आठ शेहेचाळीसला काउंटर फाटल्यासारखा वाजू लागला. सहा मिनिटांनी फिल्म उचलली आणि कोपऱ्यात घोंगडी टांगून धुतली.

किल्ली उमटली आहे, काळ्यावर पांढरी, दात न् दात मोजावा इतकी स्पष्ट. मी तिथेच दाजींचा हात धरून नाचले.

वाळल्यावर पुन्हा पाहिली. किल्लीच्या बाजूला चार फिकट पांढरे पट्टे आहेत, एकाच बाजूने आलेले. बोटांच्या हाडांसारखे. माझाच हात मध्ये आला असेल. पण मी दहा पावलांवर उभी होते. आणि माणसाच्या बोटात तीन हाडं असतात. ही मी पाच मोजली.

डाग असेल. जुनी फिल्म अशी डागाळते.

२३ मार्च, शनिवार

डाग नाही. तिन्ही दिवस फिल्म ठेवली, तिन्ही दिवस ती बोटं आहेत. परवा धूसर, काल कमी धूसर, आज किल्लीइतकी ठळक. बाबा म्हणायचे, वेणू, हाड फिल्मला जितकं जवळ तितकी कडा साफ, जितकं लांब तितकी पुसट.

आज दुपारी वाडीतल्या काशीबाईंची शेळी सड्यावर सापडली. सकाळी चुकून वर गेली होती. दाजींनी मला बोलावलं. अंगावर जखम नाही, रक्त नाही. पण ती दगडावर पसरली होती, ओलं पोतं पसरावं तशी. दाजींनी पाय धरून उचलला तर तो दोरीसारखा लोंबला. आत हाडच नव्हतं. एकही नाही.

काशीबाईंना बिबट्याने मारली असं सांगितलं आणि आम्ही दोघांनी शेळी तिथेच पुरली. 

घरी डॉ. रेग्यांचं उत्तर आलं होतं. उत्साहाचं कौतुक आहे, पण जोडण्या तपासून पाहाव्यात. हवा क्ष-किरणांना अडवते हे आपण जाणताच.

२९ मार्च, शुक्रवार. पाडवा

काकींनी गुढी उभारली. मला नवी चोळी दिली. मी सकाळी सड्यावर जाऊ नये असं त्यांनी सुचवून पाहिलं. गेलेच.

वीस फिल्म दगडावर ओळीने मांडल्या, एखादी सतरंजी अंथरावी तशा. आठ अकराला आम्ही दोघं खोलीत होतो. आभाळ स्वच्छ होतं. मी दारातून वर बघत होते. वर काहीही नव्हतं, एक घारसुद्धा नाही.

फिल्म धुवायला दुपार झाली. खोलीच्या जमिनीवर त्याच क्रमाने जुळवल्या आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून बघत राहिलो.

कोणीतरी हवेत पालथं पडलं आहे, आमच्याकडे तोंड करून, हात पसरून. म्हणजे तोंड असतं तर. मानेवर काही नाही. बरगड्या नाहीत. पाठीचा कणा मध्येच तुटल्यासारखा, बारीक, माशाच्या काट्याचा असावा तसा. एक हात लांब बोटांचा, तो सगळ्यात ठळक. दुसरा नाही. आणि खाली दोन पाय. ते मी ओळखले, दाजींनीही. ते शेळीचे होते.

ते अर्धवट आहे. ते स्वतःला जुळवतं आहे.

दाजी म्हणाले, बाय, यंत्र बंद करून आपण खाली जाऊ आणि परत येऊ नये. मी म्हटलं, फुगा येईपर्यंत दोन आठवडे काढू. असा पुरावा जगात कोणाकडे नाही, असंही म्हटलं. हे वाक्य मला इथे लिहून ठेवायचं आहे.

२ एप्रिल, मंगळवार

माझी चूक आहे. ती नीट लिहिते.

एरियलची तार कालच्या वाऱ्याने सैल झाली होती. दाजी साडेसातला कौलांवर चढले. मला वेळ माहीत होती: सात पंचावन्न. काम दहा मिनिटांचं होतं, पण खिळा गंजलेला निघाला. पावणेआठला मी त्यांना उतरायला सांगायला हवं होतं. मी खोलीत पेनाकडे बघत होते. वर माणूस असताना रेघ बदलते का, ते मला बघायचं होतं.

सात पंचावन्नला टकटक वाढली आणि मग एकदम थांबली. पूर्ण शांत. पेन शून्यावर. जमिनीतून येणारे चाळीससुद्धा नाहीत. काउंटरवर जणू कोणीतरी ओणवं झालं होतं.

मी धावत बाहेर आले. दाजी शिडीवरून उतरत होते, एका हाताने. डावा हात बाहीतून लोंबत होता. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती, नवल वाटल्यासारखा चेहरा होता. खाली बसले आणि म्हणाले, "माका कोणी तरी उचलून बगल्यान, बाय. बाजारात म्हावरा बगतत तसा."

तो हात मी हातात घेतला. कोपरापासून बोटांपर्यंत मऊ, कणकेसारखा. देवगडच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकेनात. मला म्हणाले, तुझा दोष नाही.

माझाच आहे.

३ एप्रिल, बुधवार

दाजी गेले.

सड्यावर नाही. खाली वाडीत, स्वतःच्या पडवीत, खाटेवर. बायको चहा घेऊन आली तेव्हा आठ वाजले होते. सात एक्कावन्नची सहा मिनिटं नुकतीच संपली होती. तिने हाक मारली, अंगावरचं पांघरूण ओढलं. तिची किंकाळी आमच्या घरापर्यंत आली.

बघायला गेले. ते लिहिणार नाही. चार माणसांनी त्यांना चादरीसकट उचललं, कारण दुसरं काही धरता येत नव्हतं.

तो खाली गावातही पोचतो. ज्याला एकदा बघितलं त्याच्यामागे येतो.

५ एप्रिल, शुक्रवार

पाच फिल्म ठेवल्या. सात त्रेचाळीस.

बरगड्या आल्या आहेत. दुसरा हातही आला आहे. मनगटाच्या वर एक जुनं, वाकडं सांधलेलं मोडलेलं हाड. दाजींच्या बायकोला विचारलं. हो, म्हणाली, एडनला जहाजाच्या शिडीवरून पडले होते.

आता फक्त डोकं नाही.

८ एप्रिल, सोमवार

देवगडला जाऊन रेग्यांना तार केली: दाजी मृत, केंद्र धोक्यात, उड्डाण थांबवा. संध्याकाळी उत्तर: दुःख झालं, उड्डाण चौदाला ठरल्याप्रमाणे, दुसरा माणूस वीसला पाठवतो.

आता दुसरी भीती. काजूचा हंगाम सुरू झाला आहे. बाया सहाला सड्यावर चढतात, बोंडू गोळा करतात आणि ऊन तापायच्या आत, आठाला उतरतात. पूर्वी त्याची वेळ नऊची होती, तेव्हा वर कोणी नसायचं. आज सात एकतीस होती. आज वर अकरा बाया होत्या. मी ओरडत, हात धरून त्यांना माझ्या खोलीत कोंबलं. मास्तरीणबायला वेड लागलं असं म्हणत हसत होत्या. मग काउंटर गप्प झाला आणि कौलांवरून काहीतरी सरकत गेलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी हसलं नाही.

१० एप्रिल, बुधवार

बाया आता येत नाहीत. काकींनी घरोघरी जाऊन सांगितलं. काकींना मी सगळं सांगितलं, फिल्म दाखवल्या. त्यांनी एकदाही अविश्वास दाखवला नाही. त्यांचा हंगाम बुडाला, त्याबद्दलही एक शब्द नाही.

मी सड्यावर गेले नाही. पण काकींच्या अंगणात, तुळशीपाशी, एक फिल्म ठेवली. सात तेवीस.

तो इथे आहे. अंगणावर. बोटं तुळशीच्या कठड्यापर्यंत आलेली.

दाजींच्या मागून आला तसा माझ्या मागून आला आहे. महिनाभर मी रोज त्याच्याखाली बसले. घरात यशोदा आहे.

काकी म्हणाल्या, "तू हंय रवा नको गो. मिरजेक जा. बापाशीकडे." त्या मला हाकलत नव्हत्या, रडत होत्या. पण मी मिरजेला गेले तर मिरजेच्या अंगणात —

बाबा तिथे एकटे आहेत.

१२ एप्रिल, शुक्रवार

सड्यावर राहायला आले. मी इथे, तर तो इथे.  मेच्या मध्यापर्यंत हंसाची वेळ पहाटेच्या काळोखात जाईल, मग बाया सुटतील. तेवढे दिवस काढायचे.

उपाय सापडला आहे. काउंटर तपासायला दिलेल्या किरणोत्सारी तुकड्याभोवती शिशाचे जाड पत्रे होते. सोडवून टेबलावर आणि तिन्ही बाजूंनी लावले, चौथा आत बसल्यावर पुढून ओढून घ्यायचा. आज टेबलाखाली फिल्म ठेवली: कोरी निघाली. शिशाखाली त्याला दिसत नाही. पाय पोटाशी घेऊन एक माणूस मावतो. एकच.

१३ एप्रिल, शनिवार

सात बाराला टेबलाखाली होते. कौलं वाजली. मग खोलीच्या आत. जमिनीवर खुरांचा आवाज. टेबलाभोवती फिरला. थांबला. फिरला.

सहा मिनिटं संपली. जिवंत आहे.

काल दुपारपासून जेवले नाही. खाली निरोप पाठवायला कोणी नाही. उद्या फुगा.

१४ एप्रिल, रविवार

५.४० — फुग्याचा संदेश मिळाला. स्वच्छ, दमदार. पश्चिमेकडे सरकतो आहे. पेन चाललं आहे.

६.३५ — उपकरण हंसाकडे वळलं. रेघ वर चढली! दाजी असते तर. पहिल्यांदाच हे कोणी इतका वेळ सलग बघतं आहे. क्षणभर सगळं विसरले.

६.५८ — दोन्ही पेनं लावून ठेवली. वरचं फुग्याचं, खालचं इथल्या काउंटरचं. दहा मिनिटं आहेत. पाण्याचा तांब्या टेबलाखाली ठेवला.

७.०१ — बाहेर कोणीतरी —

यशोदा. डबा घेऊन. पाऊण तास चढून, या अवस्थेत. धापा टाकते आहे. म्हणाली, "पेज हाडलंय. तुमी दोन दिस जेवक इलास नाय." काकींना न सांगता आली.

आता खाली धाडणं शक्य नाही. उघड्या सड्यावर सापडेल. एकच जागा.

७.०४ — टेबलाखाली घातलं. येत नव्हती, तुमी खंय बसतल्यात म्हणत होती. ढकललं. चौथा पत्रा पुढून लावला. पोट आत मावलं. मावलं.

७.०६ — तिला सांगितलं, डोळे मीट, कान झाकून घे, मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस. लिहीत राहते. लिहीत राहिलं की दाराकडे बघावं लागत नाही.

७.०८ — वरचं पेन पडलं. शून्य. फुग्याला हंस दिसत नाही. बावीस मैल वर, तरीही. मध्ये कोणी आहे. एवढा मोठा —

खालचं पेन. शून्य.

कौलं वाजत नाहीत. आतच आहे.

यशोदा रडते आहे. रडू दे. रडते म्हणजे आहे.

डावा हात टेबलावरून घसरला. उचलला जात नाही. दुखत नाही. बाबांना कळवा दुखत नाही, हाताळून बघतात तसं — सावकाश — एकेक —

पाठ टेकता येत नाही. भिंतीला चिकटून

७.१० — पेन धरता येतं अजून. बोटं वाकतात. सांधा नाही तिथेही वाकतात

चार मिनिटं. यशोदा चार मिनिटं फक्त

मानेवर काही नव्हतं त्याच्या. आता गालाला लागतंय. जबडा धरून बघतो आहे, उघडतो, मिटतो. बोलून बघायचं आहे त्याला

तिला ओरडून सांगितलं, माझ्या आवाजात हाक आली तरी बाहेर येऊ नकोस, कारण ती हाक मी मार